ऑटोफोकस की मॅन्युअल? लेन्स घेण्याआधी एवढं तपासा

“खरा फोटोग्राफर मॅन्युअलच वापरतो” हे लग्नसराईत कुठल्या ना कुठल्या मांडवात ऐकू येतंच. बोलणाऱ्याच्या मनात पद्धत आणि वस्तू यांची सरमिसळ झालेली असते. बहुतेक ऑटोफोकस लेन्स हातानेही फोकस करता येतात. मॅन्युअल लेन्सला मात्र दुसरा मार्गच नाही. फोटो किती स्वच्छ येणार हे काचेच्या दर्जावर ठरतं. फोकस बोटांनी लावला की मोटरने, हे काचेला कळत नाही.

खिशाला सगळ्यात जास्त चाट लावणारा गैरसमज दुसराच आहे: लेन्सवर ‘एएफ’ लिहिलंय, म्हणजे आपल्या कॅमेऱ्यावर ऑटोफोकस होणारच. निकॉनच्या जुन्या लेन्स सेकंडहँड घेणाऱ्यांनी इथे थांबावं. ५० एमएम एफ १.८ डी या लेन्सच्या आत मोटर नाही. ती बॉडीतल्या मोटरवर चालते. डी७२०० मध्ये ती मोटर आहे, डी३५०० आणि डी५६०० मध्ये नाही. त्या बॉडीवर ही लेन्स बसते, फोटोही निघतो, पण फोकस हातानेच लावावा लागतो. तेवढ्यापुरता व्ह्यूफाइंडरच्या खालच्या कोपऱ्यातला हिरवा ठिपका मदतीला येतो: रिंग फिरवत राहायची, ठिपका स्थिर पेटला की फोकस लागला. निकॉनच्या झेड मिररलेसवर एफटीझेड अडॅप्टर लावला, तरी या लेन्सचं ऑटोफोकस जागं होत नाही. असे कॅमेरे असणाऱ्यांनी ‘एएफ-एस’ लिहिलेली लेन्स शोधावी. कॅननवाल्यांना ही डोकेदुखी नाही. १९८७ साली आलेल्या ईएफ माउंटच्या ऑटोफोकस लेन्समध्ये मोटर आतच असते.

मग लग्नात मॅन्युअल का नको? एपीएस-सी सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ५० एमएम लेन्स, ॲपर्चर १.८ आणि नवरी दोन मीटरवर, एवढं धरलं तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम ११-१२ सेंटीमीटरचा असतो. हार घालायला ती जराशी पुढे झुकली की डोळे त्या पट्ट्याबाहेर. जुन्या फिल्म कॅमेऱ्यांत फोकस जुळवायला दुभंगलेल्या प्रतिमेची काच असायची. आजच्या डीएसएलआरमध्ये ती नसते आणि डोळा सहज फसतो. मिररलेसमध्ये चित्र मोठं करून पाहता येतं, पण वरमाला तेवढं थांबत नाही.

“अंधारात ऑटोफोकस चालतच नाही” हेही अर्धंच खरं. त्याला उजेडाइतकीच कडही लागते. भर दुपारी कोऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर लेन्स मागेपुढे घरघरत राहते. हिंगोलीच्या रामलीला मैदानावर दसऱ्याचा रावण टिपायचा असेल, तर तो पेटण्याआधीच मैदानातल्या दिव्यांच्या उजेडात पुतळ्याच्या कडेवर मधला पॉइंट ठेवून फोकस घ्या आणि लगेच फोकसचं बटण ‘एम’वर सरकवा. रिंग ‘अनंता’कडे टोकापर्यंत फिरवून निर्धास्त होऊ नका. अनेक ऑटोफोकस लेन्सची रिंग अनंताच्या थोडी पुढेही जाते. तिथे रावणासकट सगळंच धूसर.

मॅन्युअल लेन्सची खरी जागा औंढा नागनाथच्या मंदिराबाहेर. भिंतींवरची शिल्पं हलत नाहीत, घाई नाही. १८ एमएमवर ॲपर्चर ८ ठेवून दोन मीटरवर फोकस लावला की साधारण एक मीटरपासून पार लांबपर्यंत सगळं स्पष्ट येतं. स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या एम४२ (स्क्रू माउंटच्या) लेन्स इथे मजा आणतात. फक्त निकॉन डीएसएलआरवर साध्या अडॅप्टरने त्यांचा दूरचा फोकस लागत नाही. कॅनन किंवा मिररलेसवर लागतो.

सिद्धेश्वर धरणावर उडते पक्षी टिपायचे असतील तर प्रश्नच नाही, सलग ऑटोफोकस. गवताच्या काड्यांआड बसलेला पक्षी मात्र हातानेच.

पहिली लेन्स घेत असाल तर ऑटोफोकसचीच घ्या. जुनी घेत असाल तर स्वतःची बॉडी सोबत न्या, दुकानातच लावून शटरचं बटण अर्धं दाबून पाहा आणि फोकस लागला तरच पैसे मोजा.