चिलापीचें माहेर

आमच्या पवनेंत जाळ्याला लागणारी चिलापी मूळची आफ्रिकेची. सन १९५२ मध्यें ती भारतांत आणली गेली. तिचें गणगोत मोठें विलक्षण! तिकडील व्हिक्टोरिया सरोवर सुमारें १५,००० वर्षांपूर्वीं आटलें होतें; तें पुन्हां भरल्यावर ह्या कुळाच्या सुमारें ५०० जाती तेथें उत्पन्न झाल्या. ह्या माशांच्या घशांत दुसरा जबडा असतो. चावण्याचें काम तो करीत असल्यामुळें पुढचें तोंड कोणाचें शेवाळ खरवडण्याजोगें, कोणाचें गोगलगाई उपसण्याजोगें बनलें. पुढें माणसानें तेथें नाईल पर्च हा खादाड मासा सोडला, आणि १९८० नंतर सुमारें २०० जाती दिसेनाशा झाल्या.

आमच्याकडे मात्र परकी ती चिलापीच. ती अंडीं तोंडांत सांभाळते, घाण पाणीही सोसते. पवना जिला मिळते त्या मुळेच्या प्रवाहांतील ज्या महाशीर माशाचें वर्णन साइक्ससाहेबांनीं १८३९ सालीं केलें, त्यास स्वच्छ वाहतें पाणीच लागतें.