सांभाळणाऱ्या मावशी आणि घरातला कॅमेरा

मागच्या वेळी आलेल्या चिठ्ठ्यांपैकी एक आज घेऊ. एका आईनं विचारलंय, "बाळ आठ महिन्यांचं आहे, आम्ही दोघंही कामावर जातो. सांभाळायला येणाऱ्या मावशींना न सांगता घरात कॅमेरा लावला, तर तो गुन्हा होतो का?"

या प्रश्नामागची धास्ती खरी आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला मारहाण झाली. ती दृश्यं तेव्हा सगळीकडे दाखवली गेली. पण बघा, तो कॅमेरा लपवलेला नव्हता, पाळणाघराचाच सीसीटीव्ही होता. मारहाण चालू होती आणि तो टिपत होता. शंका आली ती बाळाच्या अंगावरच्या खुणांमुळे, चित्रण तपासलं गेलं ते नंतर. म्हणजे कॅमेरा पुरावा देतो, राखण करत नाही. हे आधी लक्षात ठेवू.

आता कायदा. स्वतःच्या घरात, बैठकीच्या खोलीत किंवा पाळण्याजवळ कॅमेरा लावू नका, असं सांगणारं कलम आपल्याकडे नाही. २०२३ चा वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदाही व्यक्तीनं घरगुती कारणासाठी हाताळलेल्या माहितीला लागू होत नाही. पाळणाघर चालवणाऱ्या संस्थेला मात्र ही सूट नाही.

मग मोकळं रान आहे का? नाही. न्हाणीघर, संडास, आणि मावशी जिथं साडी बदलतात ती खोली, इथं कॅमेरा म्हणजे थेट गुन्हा. बाईचं खासगी क्षणी चोरून चित्रण केलं, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं कैद. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-ई स्त्री-पुरुष दोघांनाही लागू आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. "घर माझं आहे" हा इथं बचाव होत नाही. दिवसभर राहणाऱ्या मावशी बाळाच्याच खोलीत कपडे बदलत असतील आणि तुम्ही त्यांना कॅमेऱ्याचं सांगितलेलं नसेल, तर तुमचा हेतू कितीही चांगला असो, तुम्ही अडचणीत आलात.

आवाजाचं काय? आपले बरेच श्रोते परदेशात आहेत, म्हणून सांगतो. कॅलिफोर्नियात खासगी संभाषण ध्वनिमुद्रित करायला त्यातल्या प्रत्येकाची संमती लागते. तिथं चित्राबरोबर आवाज टिपणारा छुपा कॅमेरा महागात पडू शकतो. आपल्याकडेही आवाज बंद ठेवलेला बरा. मावशी दुपारी लेकीशी फोनवर काय बोलतात, याच्याशी बाळाच्या सुरक्षिततेचा संबंध नाही.

पुढचा प्रश्न, असं चित्रण कोर्टात चालतं का? सत्तरच्या दशकात आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की मुद्रण गैरमार्गानं मिळवलं म्हणून तेवढ्यावर ते बाद होत नाही; ते प्रकरणाशी संबंधित हवं, आवाज ओळखता यायला हवा आणि त्यात फेरफार झालेला नसावा. पण डिजिटल पुराव्याची प्रत देताना प्रमाणपत्र लागतं. जालन्याच्या निवडणुकीवरून झालेल्या अर्जुन पंडितराव खोतकर खटल्यात २०२० साली हे पक्कं झालं, आणि आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये तसं आहे. म्हणून मूळ मेमरी कार्ड काढून जपून ठेवा. कार्ड भरलं की बहुतेक कॅमेरे जुनं पुसून त्यावर नवं टिपतात.

वाईट काही दिसलं, तर आधी बाळाला डॉक्टरांकडे न्या, मग पोलीस ठाण्यात किंवा १०९८ वर कळवा. ज्याच्या ताब्यात मूल आहे त्यानं त्याला मारणं, छळणं हा बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ खाली गुन्हा आहे. पण ती चित्रफीत सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. अत्याचार झालेल्या मुलाची ओळख उघड करायला त्याच कायद्याचं कलम ७४ मनाई करतं. रागाच्या भरात आईबापच तो गुन्हा करून बसतात.

आता चिठ्ठीचं उत्तर. बाळाच्या खोलीत न सांगता लावलेला कॅमेरा तेवढ्यानं गुन्हा होत नाही. तरी आमचा सल्ला सांगून लावण्याचा आहे. पहिल्याच दिवशी मावशींना कॅमेरा दाखवा. तो कुठं आहे, कुठं नाही, चित्रण कोण बघतं, हे सांगा. कपडे बदलायला कॅमेरा नसलेली जागा द्या. पुट्टस्वामी खटल्यात २०१७ साली नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत अधिकार मानला. तो निकाल शासनाच्या संदर्भात होता, पण खासगीपणा प्रत्येक माणसाचा, तसाच मावशींचाही. आणि व्यवहाराचं बोलायचं तर, कॅमेरा आहे हे ठाऊक असलं तर उचललेला हात थांबण्याची शक्यता असते. लपवलेला कॅमेरा तो हात पडल्यावरच दाखवतो.

त्याहून जुना उपाय सोडू नका. अधूनमधून न कळवता दुपारी घरी या. संध्याकाळी बाळाला स्वतः आंघोळ घाला, अंगावरून हात फिरवा. खारघरची गोष्ट उघडकीला आली ती अशाच नजरेमुळे.

आता तुमचे प्रश्न घेऊ.