पायाखालची वाळू कुठून आली?

लक्षद्वीपच्या कडमत बेटाची लांबी नऊ किलोमीटरच्या थोडी वर आहे. रुंदी सर्वात जास्त जिथे आहे, तिथेही ती जेमतेम साडेपाचशे मीटर भरते. पश्चिम किनाऱ्यावरून रमतगमत निघालं तरी दहा मिनिटांत पूर्वेचा समुद्र लागतो. इथे डोंगर नाही, नदी नाही आणि आपल्याकडे पावलोपावली भेटणारा काळा कातळही नाही. आहे ती पांढरी वाळू आणि तिच्यात रुजलेले माड. ही सगळी जमीन समुद्रातल्या प्राण्यांनी तयार केलेली आहे आणि त्यांचं काम अजून चालू आहे. लक्षद्वीपला जाऊन स्कुबा डायव्हिंग करावं, ते माझ्या मते यासाठीच. रंगीबेरंगी मासे दिसतातच, पण जमीन घडताना पाहण्याची संधी फार थोड्या ठिकाणी मिळते.

या बेटांचा पाया मात्र मराठी माणसाच्या ओळखीचा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी ज्या तप्तस्थळातून लाव्हा उसळला आणि दख्खनचं पठार तयार झालं, ते आज हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली धगधगतं आहे. भारताची भूपट्टी त्याच्यावरून उत्तरेकडे सरकत गेली आणि तिच्या वाटेवर लक्षद्वीप, मालदीव, चागोस अशी समुद्रात बुडालेली डोंगररांग मागे राहिली, अशी भूशास्त्रज्ञांची मांडणी आहे. सह्याद्रीचा कातळ आणि लक्षद्वीपचा पाया ही एकाच आगीची लेकरं.

पुढची गोष्ट चार्ल्स डार्विनने १८४२ मध्ये पुस्तकात मांडली. ज्वालामुखीचं बेट हळूहळू खचत जातं. त्याच्या काठाने वाढणाऱ्या प्रवाळाला उजेड हवा असतो, म्हणून ते वर वर वाढत राहतं. शेवटी मधलं बेट पाण्याखाली नाहीसं होतं आणि प्रवाळाचं कडं तेवढं उरतं. कड्याच्या आत उथळ, शांत लगून. बाहेर एकदम खोल समुद्र. ही कंकणाकृती प्रवाळबेटं. १९५२ मध्ये प्रशांत महासागरातल्या एनिवेटोक इथे भोक पाडून पाहिलं, तेव्हा बाराशे मीटरहून जास्त जाडीच्या प्रवाळी चुनखडकाखाली ज्वालामुखीचा दगड लागला. डार्विनला स्वतःला ही खातरी कधीच करून घेता आली नव्हती.

हे सगळं रचणारा जीव म्हणजे पॉलिप. बहुतेक जातींत तो काही मिलिमीटरांचा, मऊ, तोंडाभोवती इवल्या शुंडिका असलेला प्राणी असतो. समुद्राच्या पाण्यातल्या घटकांपासून कॅल्शियम कार्बोनेट तयार करून तो स्वतःभोवती दगडी वाटी बांधतो. त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं आणि सूर्यप्रकाशावर तयार केलेलं अन्न त्याला देतं. प्रवाळाच्या गरजेची नव्वद टक्क्यांपर्यंत ऊर्जा या भाडेकरूकडून येऊ शकते. फांद्यांचं प्रवाळ वर्षाला दहा-पंधरा सेंटिमीटर वाढतं. घुमटासारखं, भरीव प्रवाळ वर्षाला जेमतेम एक. पुरुषभर उंचीचा घुमट दिसला, तर त्याची सुरुवात पेशवाईच्या काळातली असू शकते, हे मनाशी धरून त्याच्याकडे पाहावं.

आता पाण्यात उतरू. स्कुबाच्या टाकीत ऑक्सिजन असतो असा समज सर्रास आढळतो. साध्या डायव्हिंगच्या टाकीत तुमच्या-माझ्या भोवतीचीच हवा, सुमारे दोनशे पट दाबाने भरलेली असते. मासा श्वास घ्यायला पाण्यातून ऑक्सिजन काढतो. आपण हवेचा डबा बांधून नेतो. खरी करामत रेग्युलेटरची. फ्रान्समध्ये १९४३ मध्ये जाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी तयार केलेल्या उपकरणात श्वास ओढला की तेवढीच हवा यायची, आणि तीही भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्या दाबाने. हा दाब महत्त्वाचा. दहा मीटर खाली गेलं की तो पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. तिथे छाती भरून घेतलेला श्वास तसाच रोखून कुणी वर आलं, तर ती हवा फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं. म्हणून पहिला नियम: श्वास कधीही रोखायचा नाही. दुसरा: वर येताना घाई करायची नाही, कारण दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडावा लागतो. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबतात ती त्यासाठी. लागोपाठ डाइव्ह केल्यावर अठरा तास विमानात बसू नये, हेही त्याचसाठी. लक्षद्वीपमधल्या अगत्तीहून विमानाचं परतीचं तिकीट काढताना हे लक्षात ठेवावं.

प्रवाळाच्या दृष्टीने सर्वात मोलाचं कौशल्य मात्र तरंगण्याचं आहे. डायव्हर त्याला बॉयन्सी म्हणतात. कमरेची वजनं आणि जाकिटातली हवा जमली की माणूस ना बुडतो, ना वर जातो. मग नुसत्या श्वासाने उंची सांभाळता येते: हवा भरली की हातभर वर, सोडली की हातभर खाली. ज्याला हे साधलेलं नाही, त्याचे पाय खाली लोंबतात आणि फिन्सच्या एका फटक्याने दहा वर्षांची फांदी मोडते. मालवणला किंवा तारकर्लीला बरेच मराठी लोक पहिल्यांदा पाण्याखाली जातात. तिथे प्रशिक्षक टाकीला धरून फिरवतो, त्यामुळे बॉयन्सीची जबाबदारी त्याची असते. लक्षद्वीपच्या प्रवाळभिंतीवर स्वतः पोहायचं असेल, तर चार दिवस देऊन अठरा मीटरपर्यंतचं रीतसर प्रशिक्षण घ्यावं, असं मी आग्रहाने सांगेन.

खाली गेल्यावर लाल रंग आधी विझतो. पाच-दहा मीटरवर तो करडा, हिरवट दिसायला लागतो; टॉर्च लावला की परत येतो. आणि ऐकू येतो एक सततचा कुरकुरीत आवाज. त्यातला बराचसा नांगी वाजवणाऱ्या कोळंबीचा असतो; अधूनमधून खरवडल्याचा आवाज येतो तो पॅरटफिशचा. पोपटासारखी चोच असलेला हा मासा खडकावरचं शैवाल खरवडताना प्रवाळाचा दगडही खातो, घशातल्या दातांनी दळतो आणि पचन झालं की मागून पांढऱ्या वाळूचा धूर सोडतो. मालदीवमधल्या वक्कारू बेटाभोवती केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे नव्याने तयार होणाऱ्या वाळूपैकी पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक वाळू पॅरटफिशची निघाली. अशा किनाऱ्यावर आपण अनवाणी चालतो, ती वाळू बरीचशी अशी आलेली असते.

म्हणून प्रवाळ मरतं, तेव्हा एखादं प्रेक्षणीय स्थळ गेलं एवढ्यावर ते थांबत नाही. पाण्याचं तापमान नेहमीच्या उन्हाळी कमालीपेक्षा एखाद्या अंशाने वर जाऊन काही आठवडे तिथेच राहिलं, तर पॉलिप आतलं शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. यालाच ब्लीचिंग म्हणतात. तो लगेच मरत नाही, उपाशी असतो. पाणी वेळेवर निवलं तर सावरतो. लक्षद्वीपने १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये हे सोसलं, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात पुन्हा. अगत्ती, कडमत आणि कवरत्तीच्या प्रवाळावर संशोधकांनी चोवीस वर्षं नजर ठेवली. १९९८ मध्ये सुमारे ३७ टक्के असलेलं जिवंत प्रवाळाचं आच्छादन २०२२ मध्ये २० टक्क्यांच्या खाली आलं होतं. सहा वर्षं सलग उसंत मिळाली की भरून येण्याचा वेग वाढतो, हेही त्यांना दिसलं. ती उसंत आता मिळेनाशी झाली आहे. पाण्यापासून मीटर-दोन मीटर उंच असलेल्या या बेटांवर लाटांचा जोर बाहेरची प्रवाळभिंत अडवते. ती झिजली, तर लाट थेट वाळूवर येते, आणि माडाखालचं गोडं पाणी खारं व्हायला वेळ लागत नाही.

समुद्र थंड करणं डायव्हरच्या हातात नाही. पण प्रवाळाला सावरायला मदत करणारे मासे जागेवर ठेवणं बऱ्याच अंशी माणसाच्या हातात आहे. मेलेल्या प्रवाळावर शैवाल माजलं की नव्या पॉलिपला बसायला जागा उरत नाही. ते शैवाल चरणाऱ्यांत हाच पॅरटफिश असतो. लक्षद्वीपच्या कोळ्यांनी हे मासे आजवर बरेचसे राखले, कारण त्यांची मुख्य मासेमारी खोल समुद्रातल्या ट्यूनाची, तीही काठी-गळाने एकेक मासा ओढून. अलीकडे प्रवाळातल्या माशांना बाहेरून मागणी वाढते आहे आणि बेटावर येणाऱ्या पर्यटकाच्या ताटातही ते दिसू लागले आहेत. कडमतला किंवा अगत्तीला जेवायला बसलात, तर ट्यूना मागवा. तो ताजा असतो, तिथल्या माणसांना रांधता येतो तसा आणखी कुणाला येत नाही, आणि पॅरटफिश आपल्या कामावर राहतो.