पॅसिफिकवरील एक अनावश्यक शर्यत

चार्ल्स लिंडबर्ग २१ मे १९२७ रोजी एकट्याने अटलांटिक ओलांडून पॅरिसला उतरले आणि आठवडा उलटण्यापूर्वीच हवाई बेटांवरील अननसाचे बडे व्यापारी जेम्स डोल यांनी नवे बक्षीस पुकारले. अमेरिकेच्या किनाऱ्यावरून न थांबता होनोलुलू गाठणाऱ्या पहिल्या विमानाला २५ हजार डॉलर, दुसऱ्याला १० हजार. अटलांटिकवरील अशाच बक्षिसाच्या मागे लागून किती वैमानिक प्राणास मुकले, याचे भान त्या जल्लोषात कोणाला उरले होते? ८ मे रोजी पॅरिसहून निघालेले नंजेसेर व कोली यांचा तर अद्याप थांगपत्ताही नव्हता.

वास्तविक दोन महासागरांची जातकुळी भिन्न आहे. अटलांटिकवर वाट चुकली तरी पुढे अवघा युरोप आडवा पसरलेला असतो. हवाईला जाणाऱ्यापुढे सुमारे २,४०० मैल पाणी आणि शेवटी मूठभर बेटे. दिशेत एका अंशाची चूक झाली, तर तेवढ्या अंतरात विमान चाळीस मैल बाजूला जाते. आणि रात्री आडवा वारा विमानाला किती ढकलतो आहे, हे वैमानिकाला कळतही नाही. तेव्हा येथे छातीपेक्षा सेक्स्टंट आणि बिनतारी यंत्र यांचे मोल अधिक.

लष्कराने हे ओळखले होते. २८ जून रोजी मेटलँड व हेगेनबर्गर हे दोन अधिकारी कॅलिफोर्नियातील ओकलंडहून तीन इंजिनांच्या फोकर विमानातून निघाले. हेगेनबर्गर हे दिशाशास्त्राचे जाणकार. शिवाय वाट दाखवण्यासाठी दोन्ही टोकांना बिनतारी संकेतांची सोय केलेली. तरीही ते संकेत वाटेत अधूनमधूनच ऐकू आले आणि माउई बेटाऐवजी पहाटेपूर्वी त्यांना दिसला तो दूरच्या काउआई बेटावरील दीपगृहाचा प्रकाश. २५ तास ५० मिनिटांनी ते सुखरूप उतरले. पुढच्याच महिन्यात स्मिथ व ब्रॉन्टे या मुलकी जोडीनेही हवाई गाठले. मात्र इंधन संपत आल्याने मोलोकाई बेटावरील झाडांत त्यांचे विमान कोसळले.

म्हणजे डोल यांची शर्यत सुरू होण्यापूर्वीच पहिलेपणाचा मान दोनदा संपला होता. उरली होती ती केवळ रक्कम आणि ठरलेली तारीख. परीक्षक मंडळाने नॅव्हिगेटरांची चाचणी घेतली, अपुऱ्या इंधनाचे एक विमान बाद केले, १२ ऑगस्टचा मुहूर्त चार दिवस पुढे ढकलला, हे त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे. पण तोवर तयारीच्या घाईत तिघे ठार झाले होते. आणि संदेश पाठवणारे यंत्र प्रत्येक विमानात हवेच, ही साधी अट मात्र घालण्यात आली नाही.

१६ ऑगस्टला आठ विमाने सज्ज झाली. दोन धावपट्टीवरच कोसळली, दोन माघारी फिरली. 'मिस डोरन' हेही इंजिन बिघडल्याने परत आले होते. त्यात मिल्ड्रेड डोरन ही २२ वर्षांची शिक्षिका निव्वळ प्रवासी म्हणून बसली होती. तिच्या असण्याला उड्डाणाच्या दृष्टीने काडीचेही प्रयोजन नव्हते, होते ते वृत्तपत्रांच्या दृष्टीने. दुरुस्तीनंतर विमान पुन्हा झेपावले. बिनतारी यंत्र नसलेले ते विमान आणि 'गोल्डन ईगल' ही दोन्ही समुद्रात कोठे गडप झाली, ते आजतागायत कळलेले नाही.

पोहोचली ती दोनच. बिनतारी संपर्क राखून असलेल्या 'वुलारॉक'ने २६ तास १७ मिनिटांत पहिले बक्षीस पटकावले. 'अलोहा'ची वाट चुकली. माध्यान्हीच्या सूर्याचा वेध मिळेपर्यंत ते सागरावर घिरट्या घालत राहिले आणि सुमारे दोन तास उशिरा, टाकीचा तळ दिसत असताना उतरले. तीन दिवसांनी बेपत्ता विमानांच्या शोधार्थ 'डॅलस स्पिरिट' निघाले. आता त्यात यंत्र बसवले होते. विमान गिरक्या घेत खाली जात असल्याचा, मग सावरल्याचा आणि पुन्हा गिरक्या घेऊ लागल्याचा संदेश किनाऱ्यावर ऐकू आला. नंतर काहीच नाही. मृतांची संख्या दहा झाली.

३१ मे १९२८ रोजी त्याच ओकलंडहून किंग्सफर्ड स्मिथ यांचे 'सदर्न क्रॉस' निघाले. चौघांपैकी एक जण केवळ दिशा सांभाळण्यासाठी होता, दुसरा केवळ बिनतारी संदेशांसाठी. त्यांना कोणत्याही शर्यतीची तारीख गाठायची नव्हती. हवाई आणि फिजी असे टप्पे घेत ते ९ जून रोजी ब्रिस्बेनला उतरले.