अडून बसलेला इम्पेलर

दर वर्षी १ जून ते ३१ जुलै या एकसष्ट दिवसांच्या मुदतीत कोकणच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीची सक्त मनाई असते. नौका वर ओढल्या जातात, त्यांच्यावर आच्छादन पडते, जाळी दुरुस्तीला निघतात, आणि ज्या इंजिनाने आठ-दहा महिने उसंत म्हणून घेतलेली नसते, ते नौकेच्या पोटात निपचित पडून राहते. मासळीच्या पैदाशीला ही विश्रांती हितावह आहे, याविषयी वाद नाही; परंतु इंजिनाच्या एका अवयवाला ती मुळीच मानवत नाही. तो अवयव म्हणजे समुद्राचे पाणी खेचणारा पंप, आणि त्याच्या उदरातला तळहातावर मावणारा रबरी इम्पेलर.

नौकेचे इंजिन पाण्यानेच निववावे लागते. पण खारे पाणी थेट त्यात खेळवले, तर क्षार बिडाला खाऊन टाकतील. म्हणून मध्ये हीट एक्स्चेंजर नावाची नळ्यांची एक पेटी बसवतात: नळ्यांच्या एका अंगाने समुद्राचे पाणी, दुसऱ्या अंगाने इंजिनाचे गोडे पाणी, आणि दोहोंत सोवळ्याचे अंतर. समुद्राला या पेटीपर्यंत आणण्याचे काम इम्पेलरकडे. ज्या पितळी घरात तो फिरतो, ते घर गोल असले तरी एका बाजूस त्याची भिंत मुद्दाम आत फुगवलेली असते. इम्पेलरची लवचीक पाती या फुगवट्याशी येताच वाकतात, त्यांच्यामधली जागा आक्रसते व पाणी पुढे रेटले जाते. फुगवटा ओलांडताच तीच पाती ताठ होतात, जागा विस्तारते, आणि त्या पोकळीत समुद्र आपण होऊन शिरतो. इतकी साधी आणि इतकी चतुर योजना यंत्रशास्त्रात फार थोडी आढळेल. तिला वंगण मात्र पाण्याचेच. कोरडा फिरला, की हा रबरी जीव मिनिट-दोन मिनिटांत करपतो.

इम्पेलरच्या गाभ्यात पितळी बुश असते आणि ते पोलादी शाफ्टवर बसते. दोन भिन्न धातू आणि मध्ये क्षारजल, म्हणजे अजाणता रचलेला एक विद्युत्घटच! माझ्या आजीला बिनकल्हईच्या पितळेत ताक ठेवलेले खपत नसे, कारण ते कळकते. पंपात राहिलेल्या चूळभर खाऱ्या पाण्यालाही दोन महिने मिळाले, की तेच होते. बुश आणि शाफ्ट यांच्यामधल्या केसाएवढ्या फटीत हिरवट कळंक आणि मीठ साचते, वाळते, घट्ट होते, आणि ऑगस्ट उजाडतो तेव्हा इम्पेलर शाफ्टशी एकजीव झालेला असतो.

रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात अशाच एका पंपाची सोडवणूक मी जवळून पाहिली. नौका अजून जमिनीवरच होती, त्यामुळे पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करण्याची दक्षता आवश्यक नव्हती. नौका तरंगत असताना तो विसरणे म्हणजे समुद्रालाच आत येण्याचा परवाना देणे. झाकणाचे सहा स्क्रू निघाले, कागदी गॅस्केट सोलले गेले. मालकांनी आधीच दोन पेचकस समोरासमोर घालून इम्पेलर उपसण्याचा पराक्रम केला होता. त्याची साक्ष म्हणून पितळी काठावर दोन खोल ओरखडे होते. मिस्त्रींनी त्या ओरखड्यांवरून नख फिरवले आणि काही बोलले नाहीत. तेथूनच पुढे हवा शिरते, आणि हवा शिरली की पंप पाणी उचलीत नाही. बत्ती लावून बुश तापवावे, असे कोणी सुचवताच त्यांनी मान हलवली. मागे पाण्याचे आणि तेलाचे सील आहे, ते रबराचे आहे. शाफ्टच्या टोकाशी गंज सोडवणाऱ्या तेलाचे चार थेंब सोडून ते उठले. "भाऊ, आज हे निघायचं नाही. उद्या सकाळी या."

सकाळी त्यांनी दोन नख्यांचा पुलर लावला, मधला स्क्रू शाफ्टच्या टोकावर टेकवला आणि पाव आटा पिळला, थांबले, लाकडी हातोडीने हलका ठोका दिला, पुन्हा पाव आटा. अर्ध्या तासाने कट्‌ असा बारीक आवाज झाला आणि इम्पेलर सूतभर पुढे सरकला. रबर फाटून बुश तेवढे शाफ्टवर राहिले असते, तर सगळा पंप उतरवून घेऊन, करवतीने बुश उभे चिरण्याची पाळी आली असती, आणि तेही शाफ्टला दात न लागू देता. कारण इम्पेलर स्वस्त असतो, शाफ्ट नव्हे.

हाती आलेल्या इम्पेलरची पाती मिस्त्रींनी मोजली: बारांपैकी दहा. उरलेली दोन पाण्याबरोबर पुढे गेली होती. एक हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी सापडले, दुसरे त्याच्याही अलीकडच्या रबरी नळीच्या वळणात; ती दोन्ही हाती येईपर्यंत त्यांनी नव्या इम्पेलरची पुडी फोडली नाही. मग त्याला साबणाचे पाणी चोळले (ग्रीस नव्हे, ते रबराला बाधते) आणि इंजिनाच्या फिरण्याच्या दिशेने पिळत पिळत आत बसवले.

मालकांना विनंती एवढीच, की नौका वर ओढताच ते सहा स्क्रू काढून इम्पेलर बाहेर घ्यावा, पंप गोड्या पाण्याने धुवावा, आणि इम्पेलर काढल्याची चिठ्ठी इंजिनाच्या चावीला बांधून ठेवावी; नाही तर नारळी पौर्णिमेच्या घाईत कोणी तरी पंप रिकामा असतानाच इंजिन सुरू करील.