मोजणाऱ्याला कोण मोजणार?

उन्हाळा सुरू झाला की घरोघरी एक तक्रार ऐकू येते. पंखा फिरतो, पण वारा लागत नाही. काठीने पात्याला ढकलल्याशिवाय तो सुरूही होत नाही. मग वायरमन येतो, वर चढतो आणि निकाल देतो, 'कंडेन्सर गेलाय.' नवा कंडेन्सर बसतो, आपण पैसे देतो. बहुतेक वेळा त्याचे म्हणणे खरेच असते. पण जुना खरोखर किती खराब झाला होता आणि नवा तरी पुरता आहे का, हे पाहण्याची सोय आपल्याकडे नसते. ती सोय घरच्या घरी कशी करता येईल, ते आज पाहू.

कंडेन्सर, म्हणजेच कपॅसिटर, हा विजेचा रांजण समजा. धातूचे दोन पडदे आणि मध्ये वीज न वाहू देणारा थर, एवढीच त्याची रचना. हॉलंडमधल्या लायडन गावी १७४६ मध्ये मुशेनब्रूक यांनी काचेच्या बरणीत वीज साठवली, तो याचाच पूर्वज. रांजणाचे माप लिटरमध्ये, तसे कपॅसिटरचे फॅरडमध्ये. मायकेल फॅरडे यांच्या नावावरून हे एकक आले. फॅरड फार मोठा पडतो, म्हणून त्याचा दहा लाखावा भाग, मायक्रोफॅरड, व्यवहारात वापरतात. छताच्या पंख्याला साधारण २.५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो. पंख्याच्या मोटारीत तारेची दोन वेटोळी असतात. त्यांपैकी एकातला प्रवाह कपॅसिटर थोडा पुढेमागे सरकवतो, तेव्हा कुठे फिरते चुंबकीय क्षेत्र तयार होते. हे माप घसरले की पंख्याचा जोर ओसरतो.

आता हा रांजण मोजायचा कसा? बारीक नळाखाली ठेवायचा आणि भरायला किती वेळ लागतो ते पाहायचे. इथे नळाचे काम रेझिस्टर करतो. आणि 'भरला' हे सांगायला ५५५ नावाची चिप आहे. हान्स कामेनझिंड यांनी ती १९७१ मध्ये आखली, १९७२ मध्ये ती बाजारात आली आणि आजही मिळते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत मागितली की दुकानदार पुढचा प्रश्न विचारत नाही. आपल्या कामाला तिची कमी प्रवाह खाणारी बहीण, ७५५५, अधिक बरी.

जोडणी सोपी आहे. ९ व्होल्टची बॅटरी, चिप, एक बटण, एक एलईडी दिवा आणि रेझिस्टर. बटण दाबले की दिवा लागतो आणि कपॅसिटर भरू लागतो. बॅटरीच्या व्होल्टेजच्या दोन तृतीयांश इतका भरला की दिवा विझतो. चिप पाहते ते प्रमाण, म्हणून बॅटरी थोडी उतरली तरी वेळ बदलत नाही. हा वेळ म्हणजे रेझिस्टर गुणिले कपॅसिटर गुणिले १.१. रेझिस्टर ९.१ मेगाओहमचा घेतला तर १ मायक्रोफॅरडला १० सेकंद लागतात. म्हणजे पंख्याच्या चांगल्या कपॅसिटरला २५ सेकंद. छापील मापात ५ टक्के कमीजास्त चालते असे धरले, तर पावणेचोवीस ते सव्वासव्वीस सेकंदांत दिवा विझला पाहिजे. पंधराव्या सेकंदालाच विझला, तर दीड मायक्रोफॅरडच उरला आहे. वेळ मोजायला मोबाइलमधले घड्याळ पुरते. बोटाची चूक पाव सेकंदाची धरली, तरी पंचवीस सेकंदांत ती एक टक्काच होते.

खरा प्रश्न पुढे आहे. हा मीटर खरे बोलतो कशावरून? रेझिस्टरवर ९.१ छापलेले असले, तरी तो पाच टक्के इकडेतिकडे असू शकतो. म्हणून ८.२ मेगाओहमचा रेझिस्टर आणि त्याच्यासोबत २ मेगाओहमचा फिरवता येणारा प्रीसेट एकामागे एक जोडावा. मग एक टक्का अचूकतेचा १ मायक्रोफॅरडचा प्लॅस्टिक फिल्मचा कपॅसिटर लावून, दिवा बरोबर दहाव्या सेकंदाला विझेपर्यंत प्रीसेट फिरवावा. यालाच अंशांकन म्हणतात.

आणखी एक तपासणी करावी. दोन कपॅसिटर वेगवेगळे मोजावेत, मग शेजारी शेजारी जोडून एकत्र मोजावेत. बेरीज जुळली पाहिजे. पण बेरीज जुळली म्हणजे मीटर खरा ठरला, असे नव्हे. ज्या वाण्याची सगळीच वजने सारखी हलकी आहेत, त्याची अर्ध्या किलोची दोन वजने त्याच्या एक किलोबरोबर तोलतातच. कविता लिहिणाऱ्यालाही हे ठाऊक असते. दोन ओळींच्या मात्रा एकमेकींशी जुळल्या, तरी त्या मूळ वृत्ताच्या आहेत की नाहीत, हे वेगळेच पाहावे लागते. म्हणून बाहेरचा साक्षीदार लागतो. वाण्याच्या वजनावर वैधमापन खात्याचा शिक्का असतो, तसा इथे तो एक टक्क्याचा कपॅसिटर. त्याच्यामागेही साखळी आहे. देशाची प्रमाणे दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा सांभाळते. आणि १९५६ मध्ये थॉम्पसन आणि लँपार्ड या ऑस्ट्रेलियातील दोघांनी दाखवून दिले, की विशिष्ट रचनेच्या कपॅसिटरचे माप केवळ लांबी मोजून काढता येते.

काही पथ्ये पाळावीत. मेन स्विच बंद करून, कपॅसिटर पंख्यातून काढूनच मोजावा. आधी त्याची दोन टोके एखाद्या रेझिस्टरमधून जोडून साठलेली वीज रिकामी करावी. मायक्रोवेव्ह ओव्हनच्या आत मात्र हात घालू नये. तिथला कपॅसिटर जिवावर बेततो. कोकणातल्या पावसाळ्यात ओल्या पट्टीवरूनही वीज झिरपते, तेव्हा जोडणी कोरडी ठेवावी, मोजताना बोट लावू नये.

टीव्ही-चार्जरमधले डबीसारखे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर थोडे गळतात. ९.१ मेगाओहमच्या बारीक धारेने ते भरतच नाहीत, दिवा विझतच नाही. त्यांना ९.१ किलोओहमचा रेझिस्टर लावावा आणि अधिक-उणे टोके पाहूनच जोडावे. मग १००० मायक्रोफॅरडला १० सेकंद लागतात. त्यांचे आणखी एक दुखणे आहे. आतला द्रव सुकला, की माप ठीक दिसूनही अंतर्गत रोध वाढतो. तो मोजायला निराळा मीटर लागतो, पण त्याचे अंशांकन याहून सोपे. एक ओहम, दहा ओहम असे साधे रेझिस्टरच त्याचे साक्षीदार होतात.

एवढासा सुटा भाग निकामी झाला, म्हणून अख्खा पंखा, अख्खा टीव्ही भंगारात जातो. दोष नेमका कुठे आहे हे कळले, तर तेवढाच भाग बदलता येतो. कारागिरावर अविश्वास दाखवण्यासाठी हा मीटर नाही. त्याच्याशी समान पातळीवर बोलता यावे, यासाठी आहे.