मिनिटांवरून महिन्यांवर

ऑक्टोबर 2025मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये एका रुग्णाला बसवलेली डुकराची किडनी काढून टाकावी लागली. मन हळहळले. पण ती किडनी 271 दिवस चालली होती. जवळपास नऊ महिने तो माणूस डायलिसिसविना जगला.

नऊ महिन्यांचा हा आकडा या क्षेत्रात पूर्वीही येऊन गेला आहे. 1963-64मध्ये न्यू ऑर्लीन्सच्या टुलेन विद्यापीठात डॉ. कीथ रीम्ट्स्मा यांनी 13 रुग्णांना चिंपांझीच्या किडन्या बसवल्या. बहुतेक जण काही आठवड्यांतच गेले. एक तरुण शिक्षिका मात्र नऊ महिने जगली. मग साठ वर्षांत आपण कमावले काय?

उत्तर प्राण्याच्या निवडीत आहे. चिंपांझी आपला जवळचा नातलग. पण तो सावकाश वाढतो, संख्येने थोडा आहे आणि त्याला अवयवांसाठी मारणे मनाला पटत नाही. 1984मध्ये लोमा लिंडा येथे डॉ. लेनर्ड बेली यांनी एका तान्ह्या मुलीला बबूनचे हृदय बसवले. ती जेमतेम तीन आठवडे जगली. पुढे संशोधकांची नजर डुकरावर स्थिरावली: एका वेतात अनेक पिल्ले, झपाट्याने वाढ आणि माणसाच्या मापाचे अवयव.

अडचण एका शर्करेची होती. डुकराच्या पेशींवर अल्फा-गॅल नावाची शर्करा असते. माणसात ती नसते. आपल्या रक्तात तिच्याविरुद्धची प्रतिपिंडे आधीच तयार असतात. त्यामुळे डुकराच्या अवयवात माणसाचे रक्त शिरले, की काही मिनिटांत किंवा तासांत रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात आणि अवयव काळवंडतो. ही दारातच होणारी हकालपट्टी औषधांनी थांबत नव्हती.

म्हणून औषध बदलण्याऐवजी डुक्करच बदलायचे ठरले. डॉली मेंढीशी ज्या पीपीएल थेराप्युटिक्स कंपनीचे नाव जोडलेले आहे, तिथेच 2002मध्ये ही शर्करा बनवणारे जनुक पूर्णपणे निकामी केलेली पिल्ले जन्मली. 2012नंतर क्रिस्परची कात्री हाती आली आणि एकाच वेळी अनेक जनुके बदलणे आवाक्यात आले. डुकराच्या जनुकसंचात दडलेल्या विषाणूंचे अंश निष्क्रिय केलेली पिल्ले 2017मध्ये जन्मली.

7 जानेवारी 2022 रोजी बाल्टिमोरमध्ये डॉ. बार्टली ग्रिफिथ आणि डॉ. मुहम्मद मोहिउद्दीन यांच्या पथकाने एका 57 वर्षांच्या गृहस्थांना डुकराचे हृदय बसवले. त्या डुकरात दहा जनुकीय बदल होते: चार जनुके बंद केलेली, सहा माणसाची घातलेली. ते गृहस्थ दोन महिने जगले. नंतर त्या हृदयात डुकराचा एक विषाणू सापडला, आणि दात्या डुकरांची तपासणी अधिक काटेकोर करण्याची गरज सर्वांना पटली. मार्च 2024मध्ये बॉस्टनला 69 बदल केलेल्या डुकराची किडनी एका 62 वर्षांच्या रुग्णाला बसवली गेली. सुमारे दोन महिन्यांनी ते वारले, पण किडनीने दगा दिल्याची खूण आढळली नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कला एका महिलेला मिळालेली किडनी 130 दिवस टिकली. संसर्गामुळे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे कमी करावी लागली आणि शरीराने ती नाकारली.

हा सगळा प्रवास पाहिला, की शिक्षिकेचे नऊ महिने आणि 2025मधले नऊ महिने यांतला फरक कळतो. तेव्हा 13 जणांत एकीला, तेही जवळच्या नातलग प्राण्याकडून, ते लाभले होते. आता जो अवयव मिनिटांत काळा पडायचा, तोच नऊ महिने रक्त गाळत राहिला. जनुक संपादनाने नकार संपवलेला नाही; तो दारातून मागे रेटला आहे. आत शिरल्यावरचा सावकाश नकार, संसर्ग आणि औषधांचा तोल ही लढाई बाकी आहे.

फेब्रुवारी 2025मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा किडन्यांच्या रीतसर चाचणीला परवानगी दिली: सुरुवातीला सहा रुग्ण, पुढे पन्नासपर्यंत. त्या सहांतला पहिला माणूस टेबलावर झोपला तेव्हा त्याच्या डुकराची कोणत्या विषाणूसाठी तपासणी करायची आणि औषधे कमी करताना किती सावध राहायचे, हे त्याच्या डॉक्टरांना ठाऊक होते. हे ज्ञान बाल्टिमोरच्या त्या गृहस्थांच्या साठ दिवसांतून आणि न्यूयॉर्कच्या त्या महिलेच्या एकशे तीस दिवसांतून आले आहे. अवयवदात्यांचे आभार आपण मानतोच. या रुग्णांनाही मी दातेच म्हणेन.